आधी दुसरी प्रत, मग सर्व्हर

वाचक ताईंचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

'आम्ही सांगलीत राहतो. २०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. लग्नाचे आणि मुलांच्या लहानपणीचे अल्बम भिजले. काही फोटो वाचले, बाकीचे एकमेकांना चिकटले ते अजून तसेच आहेत. त्यानंतरचं सगळं फोनमध्येच आहे. माझ्या फोनवर रोज जागा संपल्याचा संदेश येतो, आता जीमेलवर मेल यायचेही बंद झालेत. मिस्टरांच्या फोनची तीच गत. सासूबाईंच्या फोनमध्ये शुभ सकाळचे हजारो फोटो आहेत आणि त्यातच नातवंडांचेही आहेत. २००८पासूनचे डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, तो आता कसाबसा सुरू होतो. मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो म्हणतो, त्याच कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर करू, दोन डिस्क रेडमध्ये (दोन्हींवर एकदम तेच लिहिलं जाईल अशा जोडणीत) लावू, गुगलला पैसे कशाला द्यायचे? मिस्टर म्हणतात, एक हार्ड डिस्क आणा, सगळं त्यात भरा आणि विषय संपवा. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पुरतं पटत नाही. मी शिक्षिका आहे, कॉम्प्युटर कामापुरता येतो. काय करावं?'

ताई, मिस्टरांचं म्हणणं आधी ऐका, मुलाचं नंतर. आणि दोघांनीही न सांगितलेली एक गोष्ट मध्ये करा: सगळ्या फोटोंची एक प्रत सांगलीबाहेर, मुलाच्या पुण्यातल्या घरी ठेवा. २०१९मध्ये तुमचं जे गेलं ते एकाच घरात, एकाच मजल्यावर होतं. तळमजल्यावर सर्व्हर बसवला आणि त्यात सगळं साठवलं, तरी परिस्थिती तीच राहणार.

सर्व्हर, म्हणजे घरात सतत चालू राहून सगळ्यांचे फोटो साठवणारा कॉम्प्युटर, ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहितेच. पण तो नीट बसायला चार-सहा शनिवार-रविवार जातात. मुलगा पुण्याहून येणार, सुट्टी बघणार, सामान मागवणार, काहीतरी अडणार. तोवर तुमचे सगळ्यांत जुने डिजिटल फोटो कसाबसा सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर असणार. तुमच्या घरात आज सगळ्यांत जास्त धोका त्या डिस्कला आहे. फोन हरवला तर निदान त्यातलं थोडंफार गुगलवर असतं. त्या डिस्कचं दुसरीकडे काहीच नाही.

म्हणून पहिलं काम: दोन टेराबाइटच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क आणा. दोन, एक नाही. दोन टेराबाइट कशाला, असं मिस्टर विचारतील. फोनवरचा फोटो साधारण तीन-पाच एमबीचा असतो, म्हणजे दहा हजार फोटो झाले तरी चाळीस-पन्नास जीबीच होतात. जागा खातात ते व्हिडिओ. फोरकेमध्ये काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ तीनशे एमबीच्या पुढे सहज जातो, आणि स्नेहसंमेलनाचा नाच काही एका मिनिटात संपत नाही. शक्य असेल तर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत यायचा नाही. डिस्क आणल्यावर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. ती विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर, सगळीकडे उघडते.

जुना कॉम्प्युटर सुरू झाला की दुसरं काही न करता आधी हेच करा. त्यावर अपडेट घेऊ नका, अँटीव्हायरसचं स्कॅन लावू नका, डिस्क 'साफ' करायला बसू नका. फोटोंचे फोल्डर कॉपी करा, कट-पेस्ट करू नका. कट-पेस्ट चालू असताना वीज गेली तर कुठली फाइल इकडे आली आणि कुठली तिकडे राहिली, हे शोधताना रडू येतं. कॉपी झाली की मूळ फोल्डर आणि नवा फोल्डर, दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का बघा. मग मधले दहा-बारा फोटो उघडून बघा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. कॉपी करताना डिस्कमधून टकटक असा आवाज यायला लागला किंवा कॉपी एकाच फाइलवर अडकून राहिली, तर तिथेच थांबा आणि कॉम्प्युटर बंद करा. अशा डिस्कवर पुन्हापुन्हा प्रयत्न केले की उरलेलंही जातं. मग ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडेच न्यायची.

घरात मुंजीच्या, बारशाच्या डीव्हीडी असतील तर त्याही याच खेपेला उतरवून घ्या. रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीचा रंगाचा थर वर्षांनुवर्षांच्या दमटपणात खराब होतो आणि ते वरून दिसत नाही. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह शाळेतून किंवा ओळखीच्यांकडून दोन दिवसांपुरता मिळेल.

फोनचे फोटो केबलने कॉम्प्युटरवर घेताना सगळं एकदम ओढू नका. हजारो फाइली एकदम घेतल्या की मधेच संपर्क तुटतो आणि काय राहिलं ते कळत नाही. थोडे थोडे, महिन्या-दोन महिन्यांचे घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

एक डिस्क भरली की तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर करा आणि मुलगा पुढच्या वेळी येईल तेव्हा ती त्याच्यासोबत पुण्याला पाठवा. एसटीने जाणार असेल तर डिस्क अंगाजवळच्या पिशवीत, कपड्यांत गुंडाळून. खाली डिकीत नको. गणपतीला आणि दिवाळीला तो येतोच. त्या वेळी पुण्याची डिस्क घेऊन यायचं, सांगलीच्या डिस्कवरचं नवीन त्यावर चढवायचं आणि परत घेऊन जायचं. एवढी सवय लागली तरी पुरात, चोरीत किंवा शॉर्टसर्किटमध्ये तुमचे जास्तीत जास्त काही महिन्यांचे फोटो जातील, वीस वर्षांचे नाही. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारामुळे जगभर माहीत झालेला नियम असाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन, घरातली डिस्क आणि पुण्यातली डिस्क धरली तर तुम्ही त्या नियमात बसता, आणि अजून सर्व्हरचं नावही काढलेलं नाही.

आता गुगलबद्दल. मेल बंद झालेत, कारण गुगलचे मोफत १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. ते भरले की मेलही येत नाहीत. तुम्ही घाईने जुने फोटो पुसायला बसाल म्हणून आधी दोन गोष्टी सांगते. पहिली: १ जून २०२१च्या आधी 'हाय क्वालिटी' या पर्यायात चढलेले फोटो त्या १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. तुमची सेटिंग तशी असेल, तर २०१८चे फोटो पुसून एक एमबीसुद्धा मोकळी होणार नाही आणि फोटो मात्र जातील. दुसरी, जिने कितीतरी घरांत घोटाळा झाला आहे: गुगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला की तो गुगलवरून जातो आणि फोनमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे. तो गुगलवर चढलेल्याच फोटोंची फोनमधली प्रत काढतो. मात्र तुमची सेटिंग 'स्टोरेज सेव्हर' असेल, तर गुगलवरची प्रत मूळ फोटोची नसते, आकाराने कमी केलेली असते. त्यात मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि मोठे व्हिडिओ १०८०पीपर्यंत खाली येतात. म्हणून फोनमधलं मूळ डिस्कवर उतरवल्याशिवाय 'फ्री अप स्पेस' दाबू नका.

माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही गुगलची सर्वांत लहान सशुल्क योजना सध्या घ्यावी. मुलाला ते पटणार नाही. पण तुमचे मेल अडलेत, त्यात शाळेचे असतील, बँकेचे असतील, आणि घाईघाईत पुसापुशी करण्यापेक्षा थोडे महिने पैसे भरून शांतपणे काम करणं परवडतं. बाकीची व्यवस्था लागली की ती योजना बंद करता येते.

गुगलवरचं सगळं खाली उतरवायला 'टेकआउट' नावाची सोय आहे. त्यात फक्त फोटोज निवडा, नाहीतर मेलसकट सगळंच येतं. झिप फाइलींचे गठ्ठे तयार होतात आणि डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभर चालते, तेव्हा मेल आल्यावर टाळाटाळ नको. हे झिप उघडून बघितले की सगळे घाबरतात. प्रत्येक फोटोच्या शेजारी जेसन नावाची एक छोटी फाइल असते, नावं मध्येच तुटलेली असतात, आणि काही फोटोंवर काढलेल्या दिवसाऐवजी डाउनलोडच्या दिवसाची तारीख दिसते. खरी तारीख, जागा आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन त्या जेसनमध्ये असतं. 'कचरा' समजून त्या फाइली काढून टाकू नका. झिप न उघडता तसेच्या तसे दोन्ही डिस्कवर ठेवा. पुढे सर्व्हर केलात तर 'इमिच-गो' नावाचं एक मोफत साधन हे झिप थेट वाचतं आणि फोटो व जेसनची जोडी लावून घेतं.

सासूबाईंच्या फोनचा प्रश्न मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटला. तिथले नातवंडांचे फोटो बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं आणि त्यातली काढल्याची तारीख, वेळ, जागा काढून टाकतं. उरतं ते फक्त फाइलीचं नाव. 'आयएमजी', मग २०१९०५१४ असा आकडा, मग 'डब्ल्यूए' आणि पुढे क्रमांक. मधला आकडा म्हणजे १४ मे २०१९, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो दिवस. म्हणून या फाइलींची नावं कधीही बदलू नका, 'सोनू वाढदिवस १' असं प्रेमाने लिहिलंत तर त्या फोटोची तारीख कायमची जाईल. हवं तर नावाच्या पुढे जोडा, आधीचं पुसू नका.

शुभ सकाळचे फोटो रोखायचे तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रत्येक ग्रुपच्या माहितीत 'मीडिया व्हिजिबिलिटी' असा पर्याय असतो. सोसायटीचा, भजनी मंडळाचा, शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप, या सगळ्यांना तो बंद करा. घरच्या ग्रुपला चालू ठेवा. मग गॅलरीत फक्त घरचे फोटो येतील आणि सासूबाईंच्या वाचण्यात काहीच खंड पडणार नाही. आधी साचलेले हजारो फोटो बसून निवडू नका. ते सगळे एका फोल्डरमध्ये डिस्कवर टाका, त्याने काही बिघडत नाही. जागा स्वस्त आहे, तुमचा वेळ महाग आहे. आणि मुलाला सांगा, आजीला फोटो पाठवायचा तर पाठव, पण जो जपायचा आहे तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तसा पाठवला की मूळ फोटो जसाच्या तसा, तारखेसकट येतो. एचडीचा पर्याय चांगला असला तरी त्यातही फोटो थोडा दाबला जातो.

आता मुलाच्या सर्व्हरकडे येते. त्याची कल्पना चांगली आहे, आणि तो हे घरासाठी करतोय याचं मला कौतुक वाटतं. सर्व्हरमुळे फोनमधला फोटो कुणी काही न करता घरातल्या पेटीत जाऊन बसतो, सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी येतात, माणसाच्या चेहऱ्यावरून शोधता येतं. हे दोन डिस्कच्या अदलाबदलीत नाही. फक्त रेडबद्दल त्याचा समज नीट करायला हवा. रेडमध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, म्हणून एक डिस्क अचानक मेली तरी काम चालू राहतं. दुकानाला, ऑफिसला ते लागतं. पण चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. खंडणी मागणारा व्हायरस दोन्हींवर बसतो. विजेचा झटका दोन्हींना बसतो, पुराचं पाणी दोन्हींत शिरतं. दोन अल्बम करून दोन्ही त्याच खालच्या कपाटात ठेवल्यासारखं आहे ते. घरातला सर्व्हर दोन तास बंद राहिला तर तुमचं काही अडणार नाही. तेव्हा दुसरी डिस्क रेडमध्ये गुंतवण्यापेक्षा ती वेगळी ठेवून पुण्याला पाठवणं केव्हाही चांगलं.

जुना कॉम्प्युटर वापरावा का? त्याची हार्ड डिस्क तर मुळीच नको. बाकीचा सांगाडा चालेल, पण मी नको म्हणेन, आणि कारण विजेचं बिल. जुना डेस्कटॉप नुसता चालू राहायला पन्नास वॅट सहज खातो. चोवीस तास, तीस दिवस धरले तर ३६ युनिट होतात. ऑफिसांतून बदलून आलेले छोटे मिनी पीसी दुरुस्त करून विकले जातात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइनही मिळतात. ते रिकामे असताना दहा-पंधरा वॅटमध्ये चालतात. बारा वॅट धरले तर महिन्याला नऊ युनिटही होत नाहीत. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीनशेच्या जागी नव्वद रुपये. शिवाय तो पुस्तकाएवढा असतो, आवाज जवळजवळ करत नाही, उंच फळीवर बसतो. रॅम आठ जीबी आणि आत एसएसडी असलेला बघा. दुकानात तयार मिळणारे सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप यांचे नॅसही (फाइली साठवायच्या तयार पेट्या) चांगले असतात, सुरू करायला सोपे असतात, पण त्याला जास्त पैसे पडतात.

सर्व्हरवर फोटो साठवायला आणि बघायला लागणारं सॉफ्टवेअर म्हणून माझी पसंती इमिचला आहे. मोफत आहे, मुक्त स्रोताचं आहे, आणि दिसायला-वापरायला गुगल फोटोजसारखं असल्यामुळे सासूबाईंनाही नवं शिकावं लागत नाही. सुरुवातीची काही वर्षं ते करणारे स्वतःच सांगत होते की हे अजून घडतंय, फोटोंची एकमेव प्रत यात ठेवू नका. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याची स्थिर म्हणून जाहीर केलेली २.० आवृत्ती आली. चेहरे ओळखण्याचं काम तुमच्याच पेटीत होतं, फोटो बाहेर जात नाहीत. 'रेड सारी' असं इंग्रजीत लिहिलं की लाल साडीचे फोटो समोर येतात. पहिल्यांदा सगळे फोटो भरले की ही ओळख-पाळख व्हायला छोट्या मशीनवर काही दिवस लागू शकतात. मशीन गरम झालं, संथ झालं म्हणून बंद करू नका, चालू द्या.

मुलाला एक सेटिंग माझ्याकडून आवर्जून सांगा, आणि ती पहिला फोटो चढवण्याच्या आधी करायला सांगा. इमिचमध्ये 'स्टोरेज टेम्प्लेट' नावाचा पर्याय मुळात बंद असतो. तो बंद असला की फोटो डिस्कवर लांबलचक अगम्य अक्षरांच्या नावांनी, दोन-दोन अक्षरांच्या फोल्डरांत जाऊन बसतात. इमिच चालू आहे तोवर त्याने काही फरक पडत नाही. उद्या सर्व्हर बिघडला आणि डिस्क नुसती कॉम्प्युटरला लावली, तर त्या रांगोळीतून धाकटीचा पहिला वाढदिवस कसा शोधणार? तो पर्याय चालू केला की वर्ष, महिना आणि मूळ नाव अशा साध्या रचनेत फाइली राहतात. कुठलंही सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. वर्षावर टिचकी मारली की फोटो दिसले पाहिजेत, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि एकमेकांचे फोटो दिसतील असं जोडून घ्या. सगळ्यांनी एकच खातं वापरलं की सासूबाईंनी चुकून पुसलेला फोटो मुलाचाही जातो. फोनमध्ये इमिचचं अ‍ॅप टाकल्यावर कुठले फोल्डर चढवायचे ते निवडता येतं. कॅमेरा निवडा, व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर वर सांगितलेली साफसफाई झाल्यावरच निवडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद केली जातात, त्यामुळे महिनाभर फोटो चढतच नाहीत आणि कुणाला पत्ता नसतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करून ठेवा, आणि तरी अधूनमधून उघडून शेवटचा फोटो कधीचा चढलाय ते बघा.

वीज जाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार! महावितरणची लाइट गेली की सर्व्हर धाडकन बंद होतो, आणि तेव्हा काही लिहिलं जात असेल तर डेटाबेस, म्हणजे इमिचची नोंदवही, बिघडू शकतो. छोटा यूपीएस घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याला 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा, ते चालू असलं की बदल इतका पटकन होतो की कॉम्प्युटर सहसा बंद पडत नाही. आणि मशीनच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की आपोआप सुरू हो' अशी सेटिंग असते, ती मुलाने पहिल्याच दिवशी करावी. नाहीतर दर वेळी त्याला पुण्याहून फोन करून बटण कुठलं ते विचारत बसाल. पेटी आणि राउटर वरच्या मजल्यावर ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, प्लगला नीट अर्थिंग असलेल्या जागी.

घराबाहेरून फोटो बघायचे म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट घरात येणारं दार, उघडायचं नाही. हे मी फार कळकळीने सांगते. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती पेट्या इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकल्या, जगभरातल्या लोकांनी सकाळी उठून बघितलं तर फोल्डर रिकामे. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या व्हायरसने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांमध्ये एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही दिसत नाही, आणि मग लोक आणखी धोक्याच्या वाटा शोधतात. त्याऐवजी टेलस्केल वापरा. घरच्या मशीनवर आणि फोनवर ते टाकलं की तुमच्यापुरती बंद वाट तयार होते, घरगुती वापराला मोफत आहे, राउटरला हात लावावा लागत नाही.

सर्व्हर सुरू झाल्यावर त्याचीही प्रत घ्यायची असते, ही गोष्ट सर्व्हर बसवण्याच्या उत्साहात हमखास मागे पडते. फोटोंच्या फाइली एकीकडे असतात. चेहऱ्यांना दिलेली नावं आणि अल्बम डेटाबेसमध्ये असतात. इमिच रोज रात्री डेटाबेसची एक प्रत स्वतःच 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये काढून ठेवतं, पण ती त्याच डिस्कवर असते. तेव्हा फोटोंचे फोल्डर आणि हा बॅकअप्स फोल्डर, दोन्ही मिळून बाहेरच्या डिस्कवर गेले पाहिजेत. पुढे मुलाने पुण्यात तशीच एखादी छोटी पेटी ठेवली तर टेलस्केलवरून रोज रात्री रेस्टिकसारख्या बॅकअप घेणाऱ्या साधनाने हे आपोआप होईल. रेस्टिक जुन्या तारखांच्या प्रतीही जपतं, म्हणजे आज चुकून पुसलेलं मागच्या आठवड्यातून परत काढता येतं. पण रेस्टिकची प्रत कुलूपबंद असते. पासवर्ड हरवला तर फोटो गेले, कंपनीला फोन करून ते मिळत नाहीत. म्हणून ज्या दोन पोर्टेबल डिस्कपासून सुरुवात केली त्या साध्याच, कुलूप न लावता राहू द्या. आधार कार्ड, चेक, पासबुक यांचे फोटो तेवढे त्यांतून वेगळे काढा.

मुलगा हुशार आहे, पण उद्या त्याची बदली झाली, तो परदेशी गेला, तर त्या पेटीचं काय? त्याला एक पानभर मराठीत लिहायला लावा: पेटी कुठली, सुरू कशी करायची, फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, पुण्यातली डिस्क कुठे आहे, पासवर्ड काय. ते पान एक तुमच्याकडे आणि एक मुलीकडे किंवा भावाकडे. मग तो घरी नसताना तुम्ही स्वतः त्या पानावरून एक काम करून बघा: डिस्क दुसऱ्याच कुठल्यातरी कॉम्प्युटरला लावा आणि एखाद्या ठरवलेल्या दिवसाचे फोटो शोधून काढा. फोटो पूर्ण उघडतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का. अडलात तर पान अपुरं आहे, त्याने ते परत लिहावं. गुगलची योजना या परीक्षेनंतरच बंद करा.

मुलाला एवढा वेळ नसेल, किंवा दर महिन्याला अपडेट, डिस्क, तक्रारी बघायचा उत्साह टिकणार नाही असं तुम्हाला मनातून वाटत असेल, तर सर्व्हर करूच नका. सणावाराला फिरणाऱ्या दोन डिस्क आणि गुगलची लहान योजना एवढ्यावर तुमचे फोटो अगदी व्यवस्थित सुरक्षित राहतात. कुणी लक्ष न दिलेल्या सर्व्हरपेक्षा ते कितीतरी बरं.

पुरात चिकटलेल्या फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिलंत, म्हणून सांगते. ते कोरडे ओढून वेगळे करायचा प्रयत्न करू नका, रंगाचा थर समोरच्या फोटोवर निघून येतो. जसे आहेत तसे, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोनने वरून सरळ फोटो काढून ठेवा. जे सुटे आणि धड आहेत ते स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्या. आणि माहेरी, नणंदांकडे, मिस्टरांच्या मित्रांकडे विचारा. तेव्हा लग्नाच्या फोटोंच्या प्रती नातेवाइकांना वाटायची पद्धत होती, तुमच्या लग्नातले फोटो दुसऱ्याच कुणाच्या अल्बममध्ये कोरडे असण्याची बरीच शक्यता आहे. लग्नाच्या फोटोग्राफरचा स्टुडिओ अजून चालू असेल तर निगेटिव्हची चौकशी करा.

टेकआउटचे झिप उतरल्यावर किती आले आणि त्यांचा एकूण आकार किती, ते मला कळवा. त्यावरून दोन टेराबाइट पुरतील की डिस्क बदलून मोठी घ्यावी, हे नक्की सांगता येईल. म्हणून दुकानातून डिस्क आणताना बिल जपून ठेवा.